माडाचा शेंडा आणि उकिरडा

मंडळी, या शनिवारी एका किड्याची गोष्ट सांगणार आहे. आमच्या धंद्यात ज्याला 'बग' म्हणतात तो नव्हे. हा खराखुरा, सहा पायांचा, काळा-तपकिरी, चकचकीत, दीड-दोन इंच लांब आणि डोक्यावर गेंड्यासारखं शिंग मिरवणारा. कोकणात याला गेंड्या भुंगा म्हणतात. शास्त्रज्ञांनाही दुसरं काही सुचलं नसावं, कारण १७५८ साली लिनीअसने त्याची नोंद केली तेव्हापासून त्याच्या शास्त्रीय नावात गेंडा आहेच. आज त्याला ओरिक्टस ऱ्हायनोसेरॉस म्हणतात.

विषय डोक्यात शिरायचं कारण अगदी घरगुती आहे. माझं आजोळ हरिहरेश्वरचं. मामांची वाडी अजून तिथे आहे. २०२० च्या वादळानंतर लावलेली माडाची रोपं आता अंगाने भरायला लागली आहेत, आणि त्यांच्या शेंड्यात हा भुंगा शिरतोय. झालं! घरच्या ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणतो, दुकानातून चांगली जालीम पावडर आणा आणि टाका. दुसरा म्हणतो, वाडीत विष नको, आपले पूर्वज काय पावडरी टाकत होते? दोन्ही बाजूंचा आवाज मोठा, माहिती मात्र बेताची. मग नेहमीच्या सवयीप्रमाणे मी वाचत बसलो, आणि शंभर-सव्वाशे वर्षांची एक मजेदार (आणि मधेच अंगावर काटा आणणारी) हकीगत हाताला लागली. तीच इथे मांडतो.

ज्यांनी हरिहरेश्वर फक्त देवळापुरतं पाहिलंय त्यांच्यासाठी थोडं. सावित्री नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी हे गाव. काळभैरव, चार डोंगर, प्रदक्षिणेची ती भन्नाट वाट हे सगळं तुम्हाला माहीत असेलच. पेशव्यांचं हे कुलदैवत, आणि बाळाजी विश्वनाथ भट मूळचे शेजारच्या श्रीवर्धनचे. हा सगळा भाग १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. पण देवळाकडे जाताना दोन्ही बाजूंना ज्या गर्द सावलीतून आपण जातो, ती सावली म्हणजे वाडी. वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढवलेला मिरवेल, मधे केळी, एखादं जायफळ, कोपऱ्यात विहीर आणि तिच्यापासून निघालेला पाट. श्रीवर्धनचा 'रोठा' म्हणून जी सुपारी बाजारात नाव राखून आहे ती अशाच वाड्यांमधली. इथे 'लॉन' नावाचा प्रकार कधी नव्हता. तो अलीकडे पर्यटकांबरोबर आला. वाडीच्या जमिनीवर हिरवळ नसते, पाचोळा असतो. झावळी पडली की ती आळ्यात, गोठ्यातलं शेण खड्ड्यात, आणि खड्ड्यातलं खत पुन्हा माडाच्या बुंध्याशी. बाहेरून काही विकत आणायचं नाही आणि आतलं काही फुकट घालवायचं नाही.

आता गंमत बघा. गेंड्या भुंगा नेमका या चक्रात जाऊन बसला आहे.

प्रौढ भुंगा माडाच्या शेंड्यात शिरतो. अजून न उलगडलेला जो कोवळा कोंब असतो, तो पोखरून आतला रस पितो आणि चावलेला चोथा भोकाबाहेर ढकलतो. पुढे तीच झावळी उलगडते तेव्हा कुणीतरी कात्रीने त्रिकोण कापल्यासारखी दिसते. मोठा माड असले दोन-चार घाव सोसतो. लहान रोपाचा मात्र वाढीचा कोंबच खाल्ला गेला तर ते संपलं, कारण माडाला एकच शेंडा असतो, फांद्या नसतात. शिवाय भोकं पाडून हा निघून गेला की त्याच जखमेत दुसरा पाहुणा अंडी घालतो, तो सोंड्या भुंगा. त्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात आणि लक्षात येईपर्यंत माड गेलेला असतो.

पण गेंड्या भुंगा माडावर अंडी घालत नाही. त्याची मादी अंडी घालते शेणखताच्या खड्ड्यात, उकिरड्यात, कुजलेल्या पाचोळ्यात आणि मेलेल्या माडाच्या सडक्या ओंडक्यात. तिथे ती जाड, पांढरी, अर्धगोल वळलेली अळी महिनोन् महिने कुजकं खात वाढते. खत उपसताना तुम्ही ती पाहिली असेल, लोक सरसकट तिला हुमणीच म्हणतात. अंड्यापासून भुंगा व्हायला साधारण पाच-सहा महिने लागतात. म्हणजे बालपण आपल्या उकिरड्यात आणि तारुण्य आपल्या माडावर! दोन्ही ठिकाणी यजमान आपणच.

ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास याच दोन पत्त्यांभोवती फिरतो. ज्यांनी उकिरड्याकडे पाहिलं ते बहुतेक जिंकले. जे फक्त शेंड्याकडे बघत राहिले ते दर दहा-वीस वर्षांनी नवा डबा शोधत राहिले.

आपल्या देशात या भुंग्याचं जीवनचक्र नीट लिहून काढलं ते १९११ साली. बिहारमधल्या पुसा इथे १९०५ साली सरकारी शेती संशोधन संस्था निघाली होती. तिथल्या सी. सी. घोष यांनी गेंड्या आणि सोंड्या या दोन्ही भुंग्यांवर मिळून एक सविस्तर प्रबंध लिहिला. पुसाच्या कीटकशास्त्र विभागाचे प्रमुख होते हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय. या गृहस्थांची पुढची कथा चटका लावणारी आहे. ते इंग्लंडला परतले, लाकूड पोखरणाऱ्या किड्यांवरच्या औषधाचा धंदा उभा केला (आज जगभर पेस्ट कंट्रोल करणारी रेंटोकिल कंपनी ती हीच), आणि १९२५ साली प्रयोगशाळेत किड्यांवर विषारी वायूचे प्रयोग करताना त्या वायूनेच त्यांचा जीव गेला. हिंदुस्थानच्या सरकारी कीटकशास्त्रज्ञाचा हा शेवट.

असो. पुसाच्या काळात भुंग्यावर उपाय काय होते? तेच, जे वाडीत पिढ्यान् पिढ्या चालत आले होते. मी मामांना विचारलं तर ते म्हणाले, "अरे, पावडर यायच्या आधी काय माड नव्हते? पण तेव्हा महिन्यातून दोनदा वर चढणारा गडी होता. त्याच्या कमरेला कोयता असायचा आणि आकडा असायचा." हा आकडा म्हणजे टोकाला वाकवलेली लोखंडी सळई. भोक ताजं दिसलं, चोथा ओला दिसला की आकडा आत घालायचा आणि भुंगा ओढून काढायचा. मग वाळलेल्या झावळ्या, जुन्या पोयी, जाळीसारखं पिस्तं साफ करायचं आणि वरच्या दोन-तीन झावळ्यांच्या बेचक्यांत मीठ, राख आणि वाळू यांची मूठ भरायची. वाळूचा खडा भुंग्याच्या सांध्यांत जातो, त्याला तिथे नीट बसता येत नाही. खाली पावसाआधी खताचा खड्डा तळापर्यंत उपसायचा, अळ्या निघतील त्या कोंबड्यांपुढे टाकायच्या. कोंबड्यांची चंगळ!

यात गूढ असं काही नाही. 'प्राचीन ज्ञान' म्हणून कपाळाला हात लावायची गरज नाही, आणि तेव्हा माड मरत नव्हते असंही नाही. ही एक कामांची यादी होती आणि ती करायला माणसं होती. आमच्या भाषेत सांगायचं तर रोजचं मेंटेनन्स. तिची किंमत पैशात दिसत नव्हती, कारण ती कुणाच्या तरी घामात वळती होत होती. त्या गड्याला त्याचं किती मिळायचं हा प्रश्न मी मामांना विचारला तेव्हा ते थोडं थांबून म्हणाले, "नारळ मिळायचे." एवढंच. पावडरवाल्या आणि पूर्वजवाल्या अशा दोन्ही तटांनी हे उत्तर ऐकायला हवं.

आता जरा समुद्रापलीकडे जाऊ, कारण या भुंग्याशी सगळ्यात मोठी झुंज तिथे झाली. १९०९ साली सिलोनहून (आजची श्रीलंका) रबराची रोपं पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर गेली आणि त्यांच्या मातीतून हा भुंगाही गेला. सामोआ तेव्हा जर्मनांकडे होतं आणि तिथलं सगळं अर्थकारण खोबऱ्यावर. आपल्याकडे भुंगा उपद्रवी होता, पण त्याला आळा घालणारं काही ना काही निसर्गात होतं. सामोआत तसं काहीच नव्हतं. माडांची रया गेली. सरकारने लोकांवर भुंगे, अळ्या आणि अंडी गोळा करायची सक्ती केली. मग एका बुरशीचा प्रयोग झाला.

ही बुरशी म्हणजे मेटाऱ्हायझियम. तिचा शोध घेणारा माणूस होता इल्या मेचनिकोव्ह. तोच, ज्याला पुढे १९०८ साली रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. १८७९ साली ओडेसाजवळ गव्हाच्या पिकावर भुंगेरे पडले होते, त्यांच्या अळ्या हिरव्या बुरशीने मरताना त्याने पाहिल्या आणि प्रश्न विचारला, की ही बुरशी आपण मुद्दाम वाढवून शेतात टाकली तर? कीड मारायला किडीचाच रोग वापरायचा, ही कल्पना डीडीटीपेक्षा साठ वर्षं जुनी आहे. हे वाचून मी चाट पडलो, कारण जैविक नियंत्रण म्हणजे रसायनांचा कंटाळा आल्यावर सुचलेलं काहीतरी नवं, अशीच आपली समजूत असते.

रसायनं आली ती नंतर. डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्युलरने १९३९ साली शोधला, त्याला १९४८ चं नोबेल मिळालं. १९४० च्या दशकात बीएचसी आलं. भारतात १९५२ साली कलकत्त्याजवळ रिश्रा इथे बीएचसीचा कारखाना सुरू झाला, तीच आपल्या कीटकनाशक उद्योगाची सुरुवात मानतात. हळूहळू ती पावडर किनाऱ्यावरच्या वाड्यांत पोचली. गंमत म्हणजे शिफारस काय होती माहीत आहे? बीएचसी पावडर आणि वाळू सारख्या प्रमाणात मिसळून झावळ्यांच्या बेचक्यांत भरा. म्हणजे जुनीच रेसिपी. मीठ-राख काढली, पावडर घातली, वाळू तीच!

मग पावडर इतकी चटकन का रुजली? लोक अडाणी होते म्हणून नव्हे. माझं मत असं, की वाडीतले हात तोवर मुंबईला गेले होते. या पट्ट्यातल्या घराघरातला एखादा तरी मुलगा गिरणीत, गोदीत, कारकुनीत होता. महिन्यातून दोनदा चढणारा गडी सहा महिन्यांतून एकदा मिळू लागला. अशा वेळी एकदा टाकली की बराच काळ काम करणारी पावडर म्हणजे वरदानच. दुकानदार डब्यातून विष विकत होता हे खरं, पण घेणारा मात्र गड्याची बदली विकत घेत होता. हे समजलं नाही तर 'पावडर बंद करा' हा उपदेश वाडीत कुणीही ऐकणार नाही, आणि का ऐकावा?

आता पुढची यादी जरा सावकाश वाचा.

बीएचसी: नारळाच्या शेंड्यासाठी शिफारस. १९९७ साली भारतात बंदी.

कार्बारिल: शेंड्यासाठी आणि शेणखताच्या खड्ड्यात शिंपडण्यासाठी शिफारस. २०१८ साली बंदी. याचंच बाजारातलं नाव सेविन. भोपाळच्या युनियन कार्बाइडमध्ये जे बनत होतं ते हेच. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री जो मिथाइल आयसोसायनेट वायू गळला, तो सेविन बनवण्यासाठी साठवलेला कच्चा माल होता.

फोरेट: भोकं पाडलेल्या पुड्यांतून शेंड्यात ठेवण्याची शिफारस. २०१८ साली आदेश निघाला आणि २०२० च्या शेवटी वापर बंद.

तिन्ही गेली. ज्या त्या काळात प्रत्येक पावडर 'योग्य प्रमाणात वापरल्यास सुरक्षित' म्हणूनच आली होती. नारळाच्या प्रदेशातलंच आणखी एक उदाहरण म्हणजे एंडोसल्फान. केरळमधल्या कासरगोडला काजूच्या सरकारी मळ्यांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरने फवारलेलं, आणि शेवटी १३ मे २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने देशभर थांबवलेलं. नारळावरचं देशातलं मुख्य संशोधन केंद्र त्याच कासरगोडला आहे, १९१६ सालापासून. आपल्याकडचं यवतमाळ तर फार जुनं नाही. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर गेले.

वाडीत हे आणखी जवळचं आहे. माडावर चढलेल्या माणसाचं तोंड शेंड्यापासून हातभर अंतरावर असतं. वाऱ्याने उडालेली पावडर आधी त्याच्या डोळ्यांत आणि नाकात जाणार. खाली विहीर, तिचंच पाणी घरात. आणि त्याच शेंड्यातला शहाळं म्हणून उतरवलेला नारळ आपण पाहुण्याच्या हातात देतो.

वाळू, राख आणि आकडा मात्र अजून कोणी बंद केलेले नाहीत. कडुनिंबाची किंवा करंजाची पेंड वाळूत मिसळून बेचक्यांत भरा, ही शिफारस आजही पुस्तकात आहे. सत्तर वर्षांत तीन पावडरी येऊन गेल्या आणि आपण परत त्या मुठीपाशी. सॉफ्टवेअरमध्ये असं झालं की आम्ही त्याला रोलबॅक म्हणतो आणि चेहरा शक्यतो निर्विकार ठेवतो.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे रसायन तेवढं सगळं वाईट? तसं नाही. वाडीतल्या पोफळीचंच घ्या. पावसाळ्यात सुपारीवर कोळेरोग येतो, कोवळ्या सुपाऱ्या कुजून गळतात, अख्खं वर्ष हातचं जातं. तो एका बुरशीसदृश जीवामुळे होतो हे म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी १९१० च्या सुमारास दाखवून दिलं, आणि त्यावर बोर्डो मिश्रण फवारायला शिकवलं. त्याआधी मलनाडातले बागाईतदार पावसाआधी सुपारीच्या घडांना गवताच्या टोप्या बांधत. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. शंभर लिटर पाण्यात दोन्ही एकेक किलो. फ्रान्समध्ये बोर्डोजवळ रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींना चोरांनी हात लावू नये म्हणून शेतकरी हे निळसर मिश्रण फासत. त्या वेलींना केवडा होत नाही हे मिलार्देच्या लक्षात आलं, आणि १८८५ साली त्याने ते जगापुढे मांडलं. हे रसायनच आहे, आणि वर्षानुवर्षं मारलं तर तांबं मातीत साठतं हेही खरं. पण सव्वाशे वर्षांनंतरही ते टिकून आहे, सेंद्रिय शेतीच्या नियमांतही मर्यादा घालून चालतं. तेव्हा 'रसायन की नैसर्गिक' असं शिक्के मारून भागत नाही. विष कुणाला लागतं, किती दिवस राहतं आणि त्याशिवाय चालतं का, असे तीन प्रश्न दर वेळी नव्याने विचारावे लागतात. गेंड्या भुंग्याच्या बाबतीत तिसऱ्याचं उत्तर 'चालतं' असं आहे, म्हणून हा लेख. आणि जाता जाता, बोर्डो फवारायलाही पोफळीवर चढावं लागतं. पुन्हा तोच गडी!

परत सामोआकडे. बुरशीने काम केलं पण पुरेसं नाही. १९६३ साली अलोइस ह्यूगर नावाचा जर्मन शास्त्रज्ञ मलायात या भुंग्याचे रोग शोधत हिंडत होता. तिथे त्याला अळ्या मारणारा एक विषाणू सापडला. व्हायरस म्हटल्यावर माझे कान टवकारलेच! १९६७ साली तो सामोआत सोडला. पद्धत इतकी सोपी की हसू येईल. भुंगे पकडायचे, त्यांना विषाणू पाजायचा आणि सोडून द्यायचं. आजारी भुंगा लगेच मरत नाही. तो उडतो, जोडीदार शोधतो, उकिरड्यावर जातो आणि विष्ठेतून विषाणू पसरवत राहतो. म्हणजे आपल्याला जे उकिरडे शोधून सापडले नसते, त्यांचा पत्ता भुंग्यालाच ठाऊक, आणि तोच तिथे निरोप घेऊन जातो. काही वर्षांत माडांचं नुकसान लक्षणीय घटलं. पुढे पॅसिफिकमधल्या अनेक बेटांवर आणि मॉरिशसला हाच प्रयोग झाला. केरळात हा विषाणू नैसर्गिकरीत्याच आढळला, आणि १९८० च्या दशकात आपल्या शास्त्रज्ञांनी तो लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर सोडून चांगला परिणाम मिळवला.

इथे गोष्ट संपली असती तर किती छान झालं असतं. पण २००७ साली ग्वाम बेटावर भुंगा पोचला, आणि या वंशावर जुना विषाणू चालेना. (अँटीव्हायरसवाले हसतील. हे त्यांचं नेहमीचं दुखणं, फक्त उलट बाजूने.) आणि मग २०१५ च्या मे महिन्यात ग्वामवर डॉल्फिन नावाचं वादळ आलं. झाडं पडली, फांद्या-पाला जिथे तिथे कुजत राहिला. म्हणजे सगळ्या बेटाचा उकिरडा झाला. त्यातून जी भुंग्यांची पिढी निघाली तिने उभे राहिलेले माडही मारले. मेलेले माड पडून कुजले, त्यात आणखी भुंगे. वादळाने सुरू केलेलं चक्र मग वादळाशिवाय फिरत राहिलं.

हे वाचलं आणि मला वाडी दिसली. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ ताशी ११०-१२० किलोमीटरच्या वाऱ्याने आपल्याच किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरूड या पट्ट्यातल्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. आजोबांनी लावलेले माड आणि बापाने लावलेल्या पोफळी एका दुपारीत गेल्या. नुकसानभरपाई, पंचनामे, नवीन रोपं यांची चर्चा खूप झाली, व्हायलाच हवी होती. पडलेल्या खोडांचं काय, याची मात्र फारशी झाली नाही. ज्यांना जमलं त्यांनी कापून हलवली. ज्यांच्याकडे माणसं नव्हती, किंवा मालकच मुंबई-पुण्याला, त्यांची वाडीच्या कडेला ढीग होऊन पडली. काही माड तर शेंडा तुटून नुसते खांबासारखे उभे राहिले, आतून कुजत.

आणि त्याच पावसाळ्यात, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात, शेजारी नवीन रोपं लागली. साध्या माडाला फळायला सहा-सात वर्षं लागतात. तोवर त्याचा शेंडा माणसाच्या हाताच्या उंचीवर असतो आणि भुंग्याला सगळ्यात आवडतो. म्हणजे ज्या रोपांवर या गावांनी पुढची साठ-सत्तर वर्षं लावली आहेत, ती ऐन नाजूक वयात सडक्या ओंडक्यांच्या शेजारी उभी आहेत. हा प्रश्न नुसता 'सेंद्रिय खावं का' एवढा नाही. रोपं गेली तर पुन्हा लावून पुन्हा सात वर्षं थांबायला कोण आहे तिथे? त्या जागी मग लॉन होईल आणि वर चार खोल्या.

यात एक चांगली बातमी लपलेली आहे, आणि ती घरच्या ग्रुपवर मी ठळक करून टाकली. रोप लहान आहे तोवर चढणारा गडी लागत नाही! जमिनीवर उभं राहून शेंडा तपासता येतो. आठवड्यातून एकदा फेरी, ताजा चोथा दिसला तर आकडा, बेचक्यांत पेंड आणि वाळू. कुजकी खोडं फोडून, सुकवून जळणाला काढायची. खड्डा पावसाआधी उपसायचा, उरलेल्या खतात मेटाऱ्हायझियम मिसळायचं (मेचनिकोव्हची बुरशी आता पाकिटात मिळते). आणि कोळीवाड्यातून जुनं फाटकं जाळं आणून त्याचे तुकडे शेंड्याभोवती गुंडाळायचे. भुंग्याचे काटेरी पाय त्यात अडकतात आणि तो तिथेच लटकतो. हा उपाय ग्वामवालेही करतात आणि कासरगोडवालेही सांगतात. हरिहरेश्वरला जाळ्याला काय तोटा?

एक अट मात्र आहे. भुंगा कुंपण मानत नाही. एकाची वाडी स्वच्छ आणि शेजारच्या बंद वाडीत सडका ढीग, तर उपयोग शून्य. पावडर ज्याची त्याला पुरते असं वाटतं, उकिरडा मात्र सगळ्या आळीचा असतो. त्यामुळे बंद वाड्यांच्या मालकांना फोन करणं हे आकड्याइतकंच महत्त्वाचं काम आहे. आमच्या घरी ते काम माझ्याकडे आलंय, कारण "तू दिवसभर बसूनच असतोस ना!"

माड मोठे झाल्यावर गडी लागणारच. त्यावरही उत्तर आहे. २०११ साली नारळ विकास मंडळाने केरळात तरुणांना यंत्राने माडावर चढायचं शिक्षण द्यायला सुरुवात केली, विमा दिला, त्याला 'फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री' असं नाव दिलं. शेंडा साफ करणं, कीड ओळखणं हे त्या शिक्षणातच येतं. माझ्या मते गेल्या काही वर्षांतलं नारळावरचं सगळ्यात चांगलं 'कीटकनाशक' ते हेच: शिकलेला, विमा उतरवलेला आणि रोख पैसे मिळणारा माणूस. नुसते नारळ मिळणारा नव्हे.

असो, लेख लांबला. तुमच्यापैकी कुणाची वाडी त्या बाजूला बंद पडून असेल, तर पावसाआधी एकदा कुणाला तरी पाठवून पडलेली खोडं तेवढी बघून घ्या. शेजारच्या लहान रोपांवर उपकार होतील.